मानशीचा हिशेब

ताळगावच्या पठारावर, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री अडीचला
मी हरवलेलं मोजते.

तिकडे दूर, परक्या डोंगरांच्या पायाशी,
जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरचं कडं.
त्यात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतो
आणि फुटलेलं सगळं, ठिकरीन् ठिकरी,
आकडे होऊन माझ्या पडद्यावर येतं.
आडव्या दिशेची बेरीज शून्य यायला हवी,
जेवढं उजवीकडे तेवढंच डावीकडे.
कधी कधी येत नाही.
एका अंगाला एकच फवारा
आणि समोर कोणी नाही,
जसं ताटावरून कुणी उठून जावं
आणि पाट अजून कोमट.

आमचं म्हणणं एवढंच,
की लांबी, रुंदी, उंची यांच्या शिवणीत
गुंडाळून ठेवलेली आणखी एक दिशा असेल,
गेलेलं तिथं गेलं असेल.
असेल. असेल.
शोधनिबंधात हा शब्द चालत नाही.

घर माझं चोडणला.
सकाळच्या पहिल्या फेरीबोटीनं रायबंदरहून पलीकडे,
डोळ्यांत आकड्यांची रेती.
बांधावर इनास भेटतो. चाळीस वर्षं मानस सांभाळतो.
मानस म्हणजे मन नव्हे,
खाजणाच्या बांधातलं लाकडी दार.
भरतीचं किती आत घ्यायचं, ओहोटीला किती सोडायचं,
सगळं त्या दारावर.

एकदा विचारलं, आत गेलेलं आणि बाहेर आलेलं
जुळलं नाही तर?
"कुर्ल्या," तो म्हणाला.
खेकडा बांधात बीळ करतो, बोटाएवढं.
वरून बांध धडधाकट, गवत हिरवंगार,
आणि एका अमावास्येला अर्धं शेत खारट.
"मग बीळ शोधतोस कसं?"
"शोधत नाही, बाय. अनवाणी चालतो.
जिथं पाय उगीच गार पडतो तिथं थांबतो."

माझे पाय तिथवर पोचत नाहीत.
माझ्या वाट्याला न्यूट्रिनो,
जे कुठल्याच भिंतीला जुमानत नाहीत
आणि जाताना अगदी तसाच
पाट कोमट ठेवून जातात.
आधी त्यांची चोरी वजा करायची.
इनासकडे हे काम ऊद करतात.
रात्री पाचसहाच्या टोळीनं जाळ्यापाशी येतात,
शेवट्यांची डोकी तेवढी काठावर टाकतात.
"डोकी मोज," तो सांगतो, "तेवढे उदांचे."

मार्चमध्ये चार टकरी उरल्या.
न्यूट्रिनो वजा, यंत्राचे दोष वजा,
आभाळातून घुसलेले म्यूऑन वजा,
तरी चार.
आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही.
आईनं दोनदा विचारलं, मीठ पुरेसं आहे ना,
मी दोनदा चार म्हणाले.
मग नवी माहिती आली, आधीच्या दुप्पट.
चारांचे पाच झाले नाहीत.
भोवती गर्दी वाढली
आणि त्या गर्दीत ते चौघे साधे दिसू लागले.

निबंध छापून आला. तीन हजार नावं,
वेर्णेकर शेवटून दुसऱ्या पानावर.
निष्कर्ष: एवढ्या आकारापर्यंत,
पंच्याण्णव टक्के खात्रीनं, ती दिशा नाही.
'नाही'ची रेष आम्ही केसभर पुढे सरकवली.
त्याला अडीच वर्षं लागली.

त्या सकाळी इनास तागडी घेऊन बसला होता.
कंदील विझवायचा राहिलेला, उन्हात पिवळा.
शेवटे साडेतीन किलो. सुंगटं पावणेदोन.
वहीत एक रकाना उदांचा, एक बगळ्यांचा,
आणि त्यांच्यापुढे अजून एक,
ज्याच्या डोक्यावर नाव नाही.
बहुतेक ओळींत नुसती रेघ.
कुठे पाव, कुठे अर्धा,
एका फेब्रुवारीत तर दोन.

"हा कुणाचा?"

त्यानं पेन्सिल कानामागे खोचली.
"ठाऊक असतं तर वर नाव घातलं असतं."

मग वही माझ्याकडेच ठेवून
पाय धुवायला
पाण्यात उतरला.